समोरचा किनारा

सोमवार

समुद्र पाहिला. वाटले होते त्यापेक्षा आवाज फार.

सहावीच्या पुस्तकात समुद्रावरची एक कविता होती, पाच कडव्यांची. चार मला अजून तोंडपाठ आहेत. पाचवे गुरुजींनी 'परीक्षेला नाही' म्हणून सोडून दिले आणि आम्हीही ते आनंदाने सोडले. पुढे पुस्तक रद्दीत गेले, गुरुजी गेले, आणि ते कडवे कुठे गेले कोण जाणे. पहिले असे आहे:

निळी कवाडे हळूच उघडुन
सूर्य उतरतो पाण्यावरती,
लाटांच्या मग शुभ्र ओंजळी
सोने वेचुन मागे फिरती.

हे गुणगुणत मी जन्मभर चष्म्याच्या काचा घासल्या. दुकान होते पार आतल्या मुलखात, समुद्रापासून दूर. गिऱ्हाईक समोर बसलेले असायचे, त्याच्या नाकावर चाचणीची जड फ्रेम, आणि माझ्या मनात लाटा. कुणाला नंबर चुकून दिला नाही, एवढे मात्र खरे.

आता लेकीने आम्हा दोघांना आठवडाभरासाठी इथे पाठवले आहे. वरच्या मजल्यावरची एक खोली, पुढे गॅलरी, गॅलरीला लोखंडी कठडा. खाली मालकीणबाई राहतात. साठीच्या पुढच्या, अंगाने भरदार, आणि केव्हाही पाहा, केस ओले. जिन्यापाशी भिंतीवर त्यांनी या आखाताचा नकाशा रंगवून घेतला आहे. विळ्यासारखी वळलेली जमीन आणि तिच्या कडेने एकेक किनारा.

मी चहाचा कप घेऊन नकाशापुढे बराच वेळ उभा होतो. आणि सुचले! एकेका कडव्याला एकेक किनारा. पूर्वेकडचा पहाटेसाठी, शिंपल्यांचा दुसऱ्या कडव्यासाठी, खडकांचा तिसऱ्यासाठी. चौथ्या कडव्यात रिकामी वाळू आहे आणि परतणारे गलबत. त्यासाठी डोंगराच्या टोकापलीकडचा. तिथे होडीनेच जाता येते.

"आणि हा समोरचा?" हिने विचारले.

समोरचा म्हणजे घरापुढचाच. राखाडी वाळू, एका बाजूला वाळत घातलेली जाळी, पाणी ताटात ओतल्यासारखे गप्प. थोडे आत एक लाकडी तराफा नांगरून ठेवला आहे. त्यावर चढून पोरेटोरे उड्या मारतात. लाट म्हणावी अशी एकही नाही.

"याला कवितेत जागा नाही," मी म्हणालो.

"मग बरंच आहे की," ही म्हणाली. का, ते विचारायचे राहून गेले.

मंगळवार

पहाटेची बस धरून पूर्वेचा किनारा गाठला. सूर्य वेळेवर आला. ओंजळी, सोने, सगळे जागच्या जागी. मला कवाडे ढगाळ वाटली, पण तक्रार नाही.

ही छत्रीखाली बसली होती, सूर्याकडे पाठ करून. पाण्यात काही बायका पोहत होत्या, त्यांच्याकडे पाहत होती. मी पहिले कडवे म्हटले, दोनदा. ती म्हणाली, "अहो, तुमच्या कवितेत पाणी किती खोल आहे हो?"

"कवितेत खोली अशी मोजत नाहीत."

"असं कसं? पाणी आहे म्हणजे खोली असणारच. माणसाचे पाय टेकतात की नाही, एवढंच विचारतेय."

मी म्हणालो, कवितेत माणूसच नाही, निसर्ग आहे. त्यावर तिने "बरं" म्हटले. तिचे 'बरं' मी ओळखतो, पण त्याचे किती प्रकार आहेत ते अजून कळलेले नाही.

मग तिने तळ्याची गोष्ट सांगितली. ती लहान असताना तिचे तिघे भाऊ गावाबाहेरच्या तळ्यात पोहायला जात आणि ही काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळत असे. वाऱ्याने सदरे उडायचे, ही धावायची. ही गोष्ट मी लग्नापासून ऐकत आलो आहे. आज एक नवा तपशील मिळाला: धाकट्या भावाला पोहायला शिकवायला थोरल्याने चार दिवस घेतले. "चारच दिवस," ती म्हणाली. "आणि तो तर किती बावळट."

संध्याकाळी ही आणि मालकीणबाई खालच्या पायरीवर बसून हसत होत्या. मी गेलो तर एकदम गप्प. बायकांचे काहीतरी असेल.

बुधवार

शिंपल्यांच्या किनाऱ्याला एकटाच गेलो. हिचा गुडघा दुखत होता. "तुम्ही या जाऊन, मी पडते जरा," म्हणाली. म्हणताना चप्पल मात्र पायात होती.

शिंपले होते. बहुतेक फुटके. दुसऱ्या कडव्यात ते 'परीराणीचे दिवे' आहेत. इथे अनवाणी चालवत नाही. तरी एक बरा पाहून हिच्यासाठी खिशात टाकला.

परत आलो तो ही गॅलरीत, केस मोकळे आणि ओले.

"न्हायलीस?"

"हो."

"काल तर न्हाली होतीस."

"मग? सरकारची परवानगी लागते का?"

जेवताना तिने तीन अंडी खाल्ली. पाव वेगळा, फळे वेगळी. घरी एका पोळीवर उठणारी बाई! मालकीणबाई वाढत होत्या, "घ्या हो, घ्या, लागतं ते." काय लागते, कुणास ठाऊक. जाता जाता त्या हिच्या कानाशी म्हणाल्या, "रविवारपर्यंत तराफा नक्की." मी विचारले, तराफ्याचे काय? त्या दोघींनी एकमेकींकडे पाहिले. "रंगवायचाय," मालकीणबाई म्हणाल्या.

दुपारी हिचा चष्मा पुसून दिला. ते काम या घरात माझेच. काचांवर वाळलेल्या मिठाचे बारीक ठिपके होते, आणि काड्यांवर तर थरच. खारा वारा काचेला वाईट. तिला म्हणालो, गॅलरीत बसताना काढून ठेवत जा. "काढूनच ठेवते," ती म्हणाली.

चष्मा पुसताना आमची पहिली भेट आठवली. मी तेव्हा दुकानात नवा होतो, मालक जेवायला गेलेले. ही भावाबरोबर आली. मी तक्त्यापुढे बसवले आणि छडी लावून अक्षरे वाचायला सांगितली. सर्वांत वर एकटे मोठे 'प', खाली 'र ल', त्याखाली 'ग ट न', आणि अशी लहान होत जाणारी. ती 'प' वाचून थांबली. मी पुढच्या ओळीवर छडी ठेवली. ती म्हणाली, "खालची ओळ दिसत नाही हो." त्या 'हो'ने माझी छडी घसरली. सहाचा नंबर निघाला. चष्मा घालून दुकानाच्या दारात उभी राहिली आणि समोरच्या झाडाकडे बघत म्हणाली, "पानं सुटी सुटी असतात?"

शिंपला द्यायचा राहिला. खिशातच आहे.

शुक्रवार

काल काही लिहिण्याजोगे नाही. मी दुपारभर झोपलो. ही कुठे होती ते विचारले नाही.

आज खडकांचा किनारा. हिला यायचे नव्हते. मी म्हणालो, लेकीने दोघांना पाठवले आहे, मी एकटा भटकतो आहे, लोक काय म्हणतील? ही म्हणाली, "कुठले लोक? आपल्याला इथे ओळखतंय कोण?" पण आली.

तिसरे कडवे वादळाचे आहे. वादळ नव्हते, तरी खडकांवर पाणी बऱ्यापैकी आपटत होते. मी वाऱ्यात उभा राहून चारही ओळी म्हटल्या. एक जोडपे थांबून ऐकू लागले, तसा आवाज थोडा चढवला. वळून पाहतो तर ही एका सपाट खडकावर आडवी, गाढ झोपलेली. सकाळी दहाला!

आता मला काळजी वाटते. चिन्हे मांडून पाहिली. भूक वाढली. झोप वाढली. खांदे इतके दुखतात की आज वेणी घालायला हात वर जाईना. डोळे लाल; ते मी स्वतः उजेडात धरून पाहिले आणि थेंब घातले. कारण वारा असावा. पण बाकीचे? लेकीला फोन केला.

"बाबा, आईला काही झालेलं नाही."

"तू तिथे बसून कसं सांगतेस? तिचे दंड कडक झालेत."

लेक हसायला लागली. आईच्या दुखण्याला हसणारी मुलगी! मग म्हणाली, "तिला पोटभर खाऊ द्या आणि सारखं कुठेकुठे नेऊ नका. आणि बाबा, मी पाठवलेला निळा पोशाख तिला नीट बसतोय ना?"

"कुठला निळा पोशाख?"

"काही नाही. ठेवते."

हिने या मुक्कामात निळे काही घातलेले मी पाहिलेले नाही. कठड्यावर एक निळे वाळत असते खरे, पण ते मालकीणबाईंचे असणार. त्यांच्या मापाचे दिसत नाही, हे मनात आले होते. पण बायकांच्या कपड्यांकडे किती निरखून पाहायचे?

रात्रीचे जेवण होताच वाद झाला. उद्याच्या होडीत मी दोन जागा सांगून ठेवल्या होत्या. आता चौथेच कडवे उरले. ही म्हणाली, "मी नाही येणार."

"अगं, शेवटचं कडवं आहे."

"कडवी पाच आहेत म्हणता ना?"

"पाचवं आठवत नाही."

"मग एक सकाळ त्याच्या नावावर मला द्या. दोन किनारे पाहिले मी तुमच्या कवितेसाठी. सूर्य पाहिला, खडक पाहिले."

"खडक कुठे पाहिलेस? झोपली होतीस."

त्यावर ती हसली नाही. म्हणाली, "उद्याचा दिवस फुकट गेला तर रविवारी व्हायचं नाही." काय व्हायचे नाही ते सांगेना. मी 'बरं' म्हणालो. आपल्यालाही येते म्हणायला.

शनिवार

होडीवाल्याला इथे सगळे कप्तान म्हणतात. होडी मोटरची, कप्तान बडबडा. निघालो तेव्हा पाणी काचेसारखे होते. समोरच्या किनाऱ्याला वळसा घालताना तराफ्याच्या अलीकडे दोन डोकी दिसली. एक नारिंगी टोपीतले, ते मालकीणबाईंचे. त्यामागे एक पांढरे.

"आजी चांगल्या पोहायला लागल्या हां," कप्तान म्हणाला.

"मालकीणबाई? त्या मुरलेल्याच दिसतात."

"त्या नव्हे हो. त्या तर मासाच आहेत. मागच्या."

"कोण, बहीण आहे का त्यांची?"

कप्तानाने माझ्याकडे जरा वेळ पाहिले. "आजोबा, तुम्ही चष्मे विकायचात ना?"

"हो."

"मग बघा की नीट."

माझी लांबची नजर अजून उत्तम आहे. मी पाहिले. पांढरे डोके खाली जाई, वर येई, तोंड उघडून श्वास घेई. हात असे टाकत होती, जसे अंथरुणावर चादर झटकतात. घरी चादर ही तशीच झटकते.

चौथा किनारा पाहिला. कवितेत आहे अगदी तसा. रिकामी वाळू, उंच लाटा, लांबवर एक शीडसुद्धा. असे हुबेहूब पाहायला मिळते, यावर माझा विश्वास बसला नसता. मी खाली बसलो, चौथे कडवे एकदा म्हटले, आणि मग करायला काही उरले नाही. होडी दुपारी निघायची होती. खिशातला शिंपला काढून बघत बसलो.

परतल्यावर तिने विचारले, "कसा होता?" मी म्हणालो, "पुस्तकातल्यासारखा."

दोन मासे जास्त मागवले. तिच्या ताटात सरकवले. तिने माझ्याकडे पाहिले आणि खाल्ले.

रविवार

संध्याकाळी परतीची बस आहे. सामान बांधून झाले आहे म्हणून लिहितो.

सकाळी ही नेहमीप्रमाणे म्हणाली, "आज कुठला किनारा?"

"समोरचा," मी म्हणालो.

ती पलंगाच्या कडेवर बसली. बराच वेळ चादरीची सुरकुती सरळ करत होती. मग म्हणाली, "कप्तानाने सांगितलं?"

"मी पाहिलं."

"मला त्या तराफ्याला हात लावायचाय."

"लाव ना."

"रागावलात?"

"सांगितलं असतंस तर दुकानावर फोन करून नंबरचा पोहायचा चष्मा करवून घेतला असता. आता असं आंधळ्या कोशिंबिरीसारखं..."

"सांगितलं असतं तर," ती म्हणाली, "तुम्ही काठावर उभं राहून कविता म्हटली असती. चारचौघांत."

म्हटली असती, हे खरेच.

खाली गेलो तर मालकीणबाई कानात कापूस घालून, मफलर गुंडाळून बसलेल्या. रात्रीपासून कान ठणकत होता. पाण्यात उतरायचे नव्हते. "आज राहू द्या," त्या हिला म्हणाल्या. "अंतराचं काही नाही, ते तुम्ही कापाल. पण जाताना माझी टोपी दिसते म्हणून जाता. येताना किनारा कसा सापडणार? तुम्हाला तर हात पसरला की पंजा दिसत नाही."

"पुढच्या वेळी," ही म्हणाली. आणि लगेच, "पुढची वेळ कुठली आलीय."

ती जिन्याकडे वळली. पायरी चढताना कठड्याला धरले होते. गेले काही दिवस धरत नव्हती, हे मला तेव्हा जाणवले.

मी म्हणालो, "सहाचा नंबर असलेली माणसं आवाजावर चालतात. मी उभा राहतो."

मालकीणबाई तयार होईनात. शेवटी त्यांनी हिच्या कमरेला दोरीने एक नारिंगी फुगा बांधला, पाण्यात मागे तरंगणारा, आणि तराफ्यावर उड्या मारणाऱ्या पोरांना ओरडून बजावले की आजींकडे लक्ष ठेवा. हिने चष्मा माझ्या हातात दिला. मग साडी, मग चपला. निळ्या पोशाखात तिला मी पहिल्यांदाच पाहिले. नीट बसतो.

मी वाळूवर कपडे सांभाळत उभा राहिलो. वारा होता. पदर उडायचा, मी पायाने दाबायचा.

जाताना तराफ्यावरच्या पोरांचा गलका तिला वाट दाखवत होता. चादरी झटकत झटकत ती गेली. मध्ये थांबली, पाठीवर पडून राहिली. मालकीणबाई म्हणाल्या, "दम घेतेय, शिकवलंय मी." मग तराफ्यापाशी पोरांनी आरडाओरडा केला आणि एक हात वर आलेला दिसला. लाकडावर टेकलेला. बराच वेळ टेकलेला.

परत निघाली ती जाळ्यांच्या दिशेने. तिकडे दोर होते, खुंट होते. मी ओरडलो, "अगं, इकडे! इकडे!" पण रविवार होता. किनाऱ्यावर प्रत्येक आई, प्रत्येक बाप आपापल्या पोराला 'इकडे, इकडे' म्हणूनच ओरडत होता. ती थांबली. डोके इकडे वळले, तिकडे वळले. कुठले 'इकडे' आपले, ते तिला कळेना.

दुसरे कुणीही ओरडणार नाही असे काहीतरी ओरडायला हवे होते.

मी 'निळी कवाडे' सुरू केले. दुकानात शेवटच्या खुर्चीवरच्या बहिऱ्या गिऱ्हाइकाला ऐकू जावे, त्या आवाजात. लोक वळून पाहू लागले. एकाने मोबाईल काढला. तिचे डोके जाळ्यांकडून वळले आणि माझ्याकडे झाले. मी दुसरे कडवे म्हटले. परीराणीचे दिवे. ती सरळ येत होती. तिसरे, वादळाचे, मला वाटते थोडे घाईत झाले. चौथे म्हटले, आणि चौथे संपले.

ती अजून अर्ध्यावर होती. ती पुन्हा थांबली. मी पाचवे शोधले. खरोखर शोधले, डोळे मिटून, गुरुजींचा खडू, वर्गाची खिडकी, सगळे दिसले; ओळ आली नाही. पहिले कडवे पुन्हा म्हणावे, हेसुद्धा त्या वेळी सुचले नाही.

मग तोंडातून आले ते आले. "प!" मी ओरडलो. "र! ल! ग! ट! न!"

मालकीणबाईंनी मफलर सोडून माझ्याकडे पाहिले. मी तक्ता तसाच खाली उतरत गेलो, एकेक अक्षर, चाळीस वर्षे छडी लावून वाचून घेतलेले. सर्वांत बारीक ओळ संपली तसा पुन्हा वरून, "प!"

पाण्यातून खोकल्यासारखा आवाज आला. ती हसत होती. पोहता पोहता हसू नये, नाकात पाणी जाते. मालकीणबाईंनी ते नंतर तिला सुनावलेही. ती उभी राहिली. पाणी कमरेपर्यंत होते. डोळे बारीक करून भलतीकडेच बघत ती ओरडली, "खालची ओळ दिसत नाही हो!"

मी चपला घालूनच पाण्यात गेलो. चष्मा दिला. तिने तो तिथेच उभ्याने लावला, वळली आणि तराफ्याकडे पाहत राहिली.

"एवढाच लांब होता?" ती म्हणाली.

"बराच आहे," मी म्हणालो.

जेवण तिने भरपूर केले. तराफा काही रंगवलेला नाही, हे मी मालकीणबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, कानातला कापूस काढल्यावर ऐकेन.

आता ही निळा पोशाख पिळून वेगळ्या पिशवीत बांधते आहे. मघाशी म्हणाली, "मधेच गप्प का झालात? मला वाटलं, गेलात चहा प्यायला."

"पाचवं कडवं येत नाही ना."

"मग अडलं का काही?" ती म्हणाली, आणि पिशवीला गाठ मारली.

शिंपला तिला दिला. कडेला थोडा फुटला आहे. चष्म्याच्या काचांवर पुन्हा मीठ बसले आहे. बसमध्ये पुसून देईन.